मार्क टू ॲम्बॅसेडर: जादाचा डिस्ट्रिब्युटर कोणता घेऊन ठेवू?

प्रश्न (सातारा, पोवई नाका)

वडिलांची १९७१ सालची मार्क टू माझ्याकडे आहे. इंजिन मूळचंच, १४८९ सीसी. गेल्या महिन्यात आईला घेऊन पाचगणीला निघालो. वाई सोडून पसरणी घाट निम्मा चढलो आणि गाडी मिस मारायला लागली. कडेला घेऊन डिस्ट्रिब्युटरची (प्लगना पाळीपाळीने ठिणगी वाटणारा भाग) कॅप काढली, पॉइंट (उघडझाप करून ठिणगी पाडणारे संपर्क) पॉलिश पेपरने साफ केले, गॅप १५ थाऊवर (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) लावला. दोन वळणं गेलो की पुन्हा तेच. शेवटी शाफ्टच्या टोकावर फिरणारा रोटर धरून आडवा हलवून पाहिला, तर शाफ्टच डुगडुगत होता. आई काही बोलली नाही, पण वडील असताना ही गाडी घाटात कधी थांबली नव्हती, ते दोघांच्याही मनात होतं.

आता एक जादाचा डिस्ट्रिब्युटर डिकीत ठेवायचा आहे. तीन पर्याय समोर आहेत. भंगारातल्या गाडीचा काढलेला लुकास टीव्हीएस, बाजारातला नवा पण बिननावाचा, किंवा पॉइंट नसलेला इलेक्ट्रॉनिक. कोणता घ्यावा?

उत्तर (सांगली, कुपवाड एमआयडीसी)

दादा, जुना लुकासच घ्या, पण हातात घेऊन बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

आधी शाफ्ट आडवा हलवा. बुश (शाफ्ट ज्यात फिरतो ती नळी) झिजला की पॉइंट उघडणाऱ्या कॅमच्या चारही उंचवट्यांवर गॅप सारखा राहत नाही. गॅप बदलला की टायमिंग (ठिणगीची वेळ) बदललं, म्हणजे एका सिलिंडरला ठिणगी लवकर, दुसऱ्याला उशिरा. तुमच्या घाटातल्या मिसिंगचं कारण तेच दिसतंय. मग व्हॅक्यूमच्या डबीच्या (इंजिनच्या ओढीनं ठिणगीची वेळ सरकवते ती) नळीला तोंड लावून हवा ओढा आणि जिभेनं भोक बंद करा. आतली प्लेट सरकून तिथंच थांबली पाहिजे. लगेच मागं आली तर पडदा फाटलाय. रोटर धरून फिरण्याच्या दिशेनं पिळून सोडा, स्प्रिंगनं तो आपोआप परत यायला हवा.

पॉइंटच्या प्लेटखाली वजनं असतात, त्यांच्या पट्टीवर एक आकडा ठोकलेला असतो. तुमच्या डिस्ट्रिब्युटरवरचा आकडा आधी लिहून घ्या. हेच इंजिन परदेशात स्पोर्ट्स गाडीतही होतं, बाहेरून तिचा डिस्ट्रिब्युटर सारखाच दिसतो पण ॲडव्हान्स (वेग वाढला की ठिणगी किती आधी पडते ते) वेगळा. डिस्ट्रिब्युटर क्रँकच्या निम्म्या वेगानं फिरतो, त्यामुळं तिथला दोन अंशांचा फरक क्रँकवर चार अंशांचा होतो आणि चढाला इंजिन ठोकायला लागतं.

बिननावाचा नवा मी दोनदा आणला. दोन्हीत स्प्रिंगा ढिल्या होत्या. मी तरी पुन्हा आणणार नाही.

उत्तर (मिरज)

माझ्या गाडीला चार वर्षं इलेक्ट्रॉनिक आहे, रोजच्या वापराला छान. पण घाटासाठी जादाचा म्हणून पॉइंटवालाच ठेवा. पॉइंट बिघडताना आधी कुरकुरतात, इलेक्ट्रॉनिक गेला की तिथंच उभे राहता. इलेक्ट्रॉनिक लावणार असाल तर बॅटरीचं कुठलं टोक बॉडीला अर्थ केलंय ते नक्की बघा. बऱ्याच जुन्या गाड्यांत प्लस अर्थ असतो, उलटं जोडलं की मॉड्यूल गेलं. कंडेन्सर (पॉइंट जळू न देणारी छोटी डबी) आणि रोटर मात्र वेगळे जवळ ठेवाच. वाटेत बहुतेक वेळा तेच दगा देतात.

प्रश्नकर्ता

कुपवाडच्या काकांनी सांगितलं तसं केलं. कराडजवळच्या एका शेडमधून जुना लुकास मिळाला. आकडा जुळला, डबी चांगली, शाफ्टला मात्र प्ले (ढिलेपणा) होता. तो कोल्हापूरला उद्यमनगरात लेथवर दिला. तिथल्या मिस्त्रींनी नवा बुश बसवण्याआधी चोवीस तास इंजिन ऑइलमध्ये बुडवून ठेवला. हा बुश सच्छिद्र असतो, पोटात तेल धरतो. घाईत कोरडाच ठोकला की पुन्हा झिजतो.

एक शंका. तो नुसता डिकीत ठेवून देऊ का?

उत्तर (सांगली, कुपवाड एमआयडीसी)

नाही. आजच इंजिनवर चढवा, टायमिंग लावा आणि तोच चालवा. न चालवलेल्या मालावर रात्रीच्या घाटात भरवसा कसा ठेवणार? गाडीतून निघालेल्या जुन्याला बुश बसवून त्याचंही टायमिंग गाडीवर एकदा लावा आणि मग तो डिकीत टाका.

आणि डिकीतल्या त्याला स्वतःची क्लॅम्पची प्लेट (डिस्ट्रिब्युटर आवळून इंजिनच्या ब्लॉकला धरते ती) घ्या. टायमिंग लागलं की प्लेट त्याच्यावर घट्ट आवळून ठेवायची. बदलताना प्लेटचा बोल्ट सोडायचाच नाही, ती ब्लॉकला धरणारे दोन बोल्ट तेवढे सोडायचे. शाफ्टच्या खालची, इंजिनच्या खाचेत बसणारी जीभ मध्यावर नसते, एका बाजूला असते, त्यामुळं डिस्ट्रिब्युटर उलटा बसतच नाही. टायमिंग आपसूक जागेवर येतं, अंधारात टायमिंग बघायच्या दिव्याचीही गरज नाही.

प्रश्नकर्ता

चढवला. रविवारी यवतेश्वरच्या घाटातून कासपर्यंत जाऊन आलो, आई सोबत होती. चढाला एकदाही मिस नाही. जुना आज उद्यमनगरात दिलाय, क्लॅम्पची दुसरी प्लेट शोधतोय. सांगली-मिरजेत कुणाकडे असेल तर सांगा, येऊन घेऊन जाईन.