हकलबेरी फिनची सदसद्विवेकबुद्धी नेमकी कोणाच्या बाजूने बोलते?

प्रश्न : नदीकाठ

माझी चौदा वर्षांची भाची आणि मी गेले दोन महिने रोज रात्री मार्क ट्वेनची हकलबेरी फिनची कादंबरी मिळून वाचत आहोत. एकतिसाव्या प्रकरणाशी आम्ही अडलो आहोत. स्वतःला राजा म्हणवणाऱ्या भामट्याने, हकबरोबर प्रवास करणाऱ्या जिम या पळालेल्या गुलामाला अवघ्या चाळीस डॉलरना परक्यांच्या हवाली केले आहे. हक जिमच्या मालकिणीला, मिस वॉटसनला, त्याचा ठावठिकाणा कळवणारे पत्र लिहितो, आणि ते लिहून होताच आपण पापातून धुऊन निघालो असे त्याला वाटते. मग त्याला मिसिसिपी नदीवर जिमबरोबर तराफ्यावर काढलेले दिवस आठवतात. हकची झोप मोडू नये म्हणून जिम स्वतःचा पहारा संपल्यावर हकचाही पहारा देत असे, हे आठवते. तो पत्र फाडून टाकतो आणि त्यासाठी नरकात जावे लागले तरी जाईन, असे ठरवतो.

मी सहज म्हणाले, "बघ, येथे त्याची सदसद्विवेकबुद्धी जागी झाली." त्यावर भाचीने पान उलटून दाखवले की त्याची ही बुद्धी तर आधीपासूनच जागी आहे, आणि पत्र लिही असे तीच त्याला सांगते आहे! पुढे ती म्हणाली, "मावशी, गुलामगिरी वाईट आहे असे त्याला एकदाही वाटत नाही. तो स्वतःला पापीच समजतो. मग त्याच्या हातून चुकून चांगले घडले, एवढेच ना?" मला उत्तर देता आले नाही. जो मुलगा स्वतःचे कृत्य चुकीचे आहे असे मनापासून मानतो, त्याच्या त्या कृत्याचे श्रेय त्याला कसे द्यायचे?

उत्तर १ : जुना वाचक

आपल्या भाचीने जेथे बोट ठेवले आहे, तेथेच या कादंबरीचा प्राण आहे. खुद्द ट्वेनने 1895 मधील एका टिपणात हेच म्हटले आहे की, या पुस्तकात निकोप हृदय आणि विकृत झालेली सदसद्विवेकबुद्धी यांची टक्कर होते आणि त्या टकरीत बुद्धी हरते.

आपण दोघींनी सोळावे प्रकरण पुन्हा वाचावे, असे मी सुचवीन. तराफा कैरो गावाच्या जवळ येत आहे. तेथे ओहायो नदी मिसिसिपीला मिळते, आणि ओहायोने आगबोटीतून वर गेले की गुलामगिरी नसलेली राज्ये लागतात. आनंदाने थरथरणारा जिम आपले मनोरथ मोठ्याने सांगू लागतो : पैसे साठवून बायकोला विकत घेईन, मग दोघे कष्ट करून मुलांना सोडवू, आणि मालकाने विकायला नकार दिला तर ती कोणाकडून तरी चोरून आणवू. हे ऐकून हक हादरतो. ज्या माणसाने आपले काहीही वाकडे केलेले नाही, त्याची मालमत्ता हा चोरणार! ती मालमत्ता म्हणजे जिमची स्वतःची मुले आहेत, ही गोष्ट हकच्या बुद्धीला दिसतच नाही. वाचकाला मात्र ती दिसल्यावाचून राहत नाही, आणि ट्वेनने हे सारे हकच्याच तोंडून वदवले असल्यामुळे त्याला बाहेरून एक शब्दही बोलावा लागत नाही.

जिमला पकडून देण्याचे ठरवून हक होडीतून निघतो. पळालेल्या गुलामांच्या शोधात असलेले दोन बंदूकधारी त्याला भेटतात आणि तराफ्यावरचा माणूस गोरा की काळा, असे विचारतात. खरे सांगायला तो तोंड उघडतो, पण शब्द बाहेर पडत नाहीत आणि तो "गोरा" असे म्हणून जातो. मग तराफ्यावर देवीची साथ असल्याचा संशय तो त्यांच्या मनात इतक्या कौशल्याने उभा करतो की ते जवळ यायला धजत नाहीत, आणि प्रत्येकी वीस डॉलरचे सोन्याचे नाणे फळीवर ठेवून ती त्याच्याकडे सोडून देतात. त्यानंतर हक स्वतःला दोष देतो तो खोटे बोलल्याबद्दल नव्हे, तर जे बरोबर आहे ते करण्याची धमक आपल्यात नाही याबद्दल.

त्याला असे का वाटावे, हे समजण्यासाठी तो काळ पाहावा लागतो. कथा साधारण 1835 ते 1845 या काळात घडते. हकचे मिसुरी 1821 पासून गुलामगिरी मान्य असलेले राज्य होते, आणि पळालेल्या गुलामाला मालकाकडे परत देण्याचा संघराज्याचा कायदा 1793 पासूनच अस्तित्वात होता. गुलाम बाळगणाऱ्याला धर्मप्रचारक म्हणून नेमावे की नाही, या वादावरून 1845 मध्ये दक्षिणेतील बॅप्टिस्ट या ख्रिस्ती पंथाच्या लोकांनी वेगळी संघटना उभी केली. ट्वेनच्या वडिलांनी 1841 मध्ये ज्या ज्युरीत काम केले, तिने गुलामांना पळून जाण्यास मदत करू पाहणाऱ्या तिघांना दोषी ठरवून तुरुंगात पाठवले. कायदा, देऊळ आणि घर ही तिन्ही ज्या गोष्टीला पुण्य म्हणत होती, तिला पाप म्हणण्यासाठी लागणारे शब्द एका दारुड्याच्या तेरा-चौदा वर्षांच्या पोराने कोठून आणायचे होते?

म्हणून मी ते कृत्य "चुकून" घडले असे मानणार नाही. हकला तत्त्व माहीत नाही; पण जिम माहीत आहे, आणि त्याला ओळखणे हेही एक ज्ञानच आहे.

उत्तर २ : अक्षरओळख

मी अनुवादाचे काम करते. मला वाटते की आपला घोटाळा थोडासा मराठी शब्दामुळेही होतो आहे. "सदसद्विवेकबुद्धी" या शब्दात सत् काय आणि असत् काय याची निवड गृहीतच धरलेली आहे. हकच्या मनातला आवाज काहीच निवडत नाही. भोवतालच्या समाजाने आणि मिस वॉटसनने जे घोकून घेतले, तेच तो पुन्हा म्हणतो. मी त्या जागी "मनाची टोचणी" असे लिहीन, कारण टोचणी खऱ्या पापाचीही असते आणि शिकवलेल्या पापाचीही असते. आपल्याकडे विटाळ मानणाऱ्या घरांतील कितीतरी भल्या माणसांना शिवाशीव झाल्यावर खरोखरच टोचणी लागत असे, आणि ती ढोंगी मुळीच नव्हती.

तुकोबांनी सत्य-असत्याच्या निवाड्यासाठी मनाला साक्षीदार केले आणि बहुमत मानले नाही. हकची अडचण अशी आहे की बहुमत त्याच्या मनातच ठाण मांडून बसले आहे, आणि साक्षीदारच फितूर झालेला आहे.

उत्तर ३ : पैलतीर

वरील दोन्ही उत्तरे मला पटतात, तरीही एक तक्रार नोंदवतो. आपण सगळे हकच्या मनाविषयी बोलत आहोत. जिमच्या मनाविषयी कोणीच बोललेले नाही.

तेविसाव्या प्रकरणात जिम आपल्या चार वर्षांच्या मुलीची आठवण सांगतो. तिला नुकताच लोहितांग ज्वर (स्कार्लेट फीवर) येऊन गेला होता. दार लाव म्हटल्यावर ती नुसती हसत उभी राहिली, म्हणून त्याने तिला मारले. मग वाऱ्याने दार धाडकन आपटले तरी ती हलली नाही, आणि या तापाने तिला ऐकू येईनासे झाले आहे हे त्याला कळले. तराफ्यावर बसून हे सांगताना तो स्वतःला जे दूषण देतो, ते त्याला कोणी शिकवलेले नाही. त्या समाजात गुलामाला इतके अंतःकरण असते, हे मान्यच नव्हते. या कादंबरीत निकोप सदसद्विवेकबुद्धी शोधायची असेल, तर ती जिमची आहे.

शेवटची प्रकरणे मला म्हणूनच सलतात. मिस वॉटसनने मरताना जिमला मुक्त केले आहे, हे हकचा मित्र टॉम सॉयर याला ठाऊक असते, तरीही केवळ खेळ म्हणून तो त्याची सुटका लांबवत राहतो. नरकात जायला तयार झालेला हक टॉमसमोर नमतो आणि त्या खेळात सामील होतो. टॉमला गोळी लागते तेव्हा हाती आलेले स्वातंत्र्य धोक्यात घालून त्याच्यासाठी थांबतो तो जिमच. आपल्या भाचीने हकला पूर्ण गुण दिले नाहीत, तर मला त्यात काही वावगे वाटणार नाही.

उत्तर ४ : जुना वाचक

पैलतीर यांचा मुद्दा मी स्वीकारतो. शेवटच्या प्रकरणांचा बचाव मला कधीच करता आलेला नाही.

टोचणी न लागण्याविषयी मात्र एक गोष्ट सांगावीशी वाटते, कारण तिचा संबंध आपल्या मुंबईशी आहे. वर उल्लेखलेले टिपण ज्या व्याख्यानदौऱ्याच्या निमित्ताने लिहिले गेले, त्याच दौऱ्यात ट्वेन जानेवारी 1896 मध्ये मुंबईत उतरला. हॉटेलात एका युरोपीय माणसाने काही क्षुल्लक चुकीसाठी एका देशी नोकराच्या तोंडावर ठोसा मारला, आणि नोकराने तो निमूटपणे सोसला. ट्वेनने पुढे लिहिले आहे की त्या क्षणी तो थेट आपल्या बालपणात, मिसुरीत जाऊन पोचला. त्याचे वडील सौम्य आणि दयाळू होते. त्यांनी स्वतःच्या मुलावर फार क्वचित हात उगारला, पण घरातल्या निरुपद्रवी गुलाम पोराला बारीकसारीक चुकांसाठी ते मारत असत, आणि त्यात कोणालाच काही वेगळे वाटत नसे. दहा वर्षांचा असताना ट्वेनने एका गुलामाच्या डोक्यात मालकाने रागाने लोखंडी खनिजाचा गोळा फेकलेला पाहिला होता. तो माणूस तासाभरात मेला. गावात हे कोणालाच आवडले नाही, पण कोणी फारसे बोललेही नाही.

ज्या लेखकाने अशा गप्प बसणाऱ्या गावात बालपण काढले, त्याने हकच्या तोंडी गुलामगिरीविरुद्धचे भाषण घातले असते, तर मला ते खोटे वाटले असते.

नदीकाठ

सर्वांचे मनःपूर्वक आभार. काल रात्री भाचीला ही सगळी उत्तरे वाचून दाखवली. "टोचणी" हा शब्द तिने लगेच उचलला. जिमच्या मुलीचा प्रसंग आम्ही आधी वाचला होता, पण मी तो घाईने पुढे नेला होता, हे मला कबूल केले पाहिजे. या वेळी तो आम्ही हळू वाचला.

तिने एक गोष्ट स्वतःहून शोधून काढली. बंदूकधाऱ्यांनी फळीवर ठेवलेली दोन नाणी मिळून चाळीस डॉलर होतात, आणि भामट्या राजाने जिमला दिला तोही चाळीस डॉलरनाच. तर मिस वॉटसनला त्याच्यासाठी आठशे डॉलर मिळणार होते. हे आकडे तिने वहीत एकाखाली एक लिहून ठेवले आहेत. हकला किती गुण द्यायचे हे तिचे अजून ठरलेले नाही. धुक्याच्या रात्रीनंतर जिमची थट्टा केल्याबद्दल त्याची क्षमा मागायला त्याला जी पंधरा मिनिटे लागली, ते पंधरावे प्रकरण आज पुन्हा वाचायचे आहे, असे तिने सांगितले आहे.