काळ्या गाडीवरचे गोल ओरखडे, पॉलिश घेऊ की कंपाउंड?

काळीगाडी_पुणे: मंडळी, काळी गाडी आहे, उन्हात बघितलं की बॉनेटवर कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक गोल ओरखडे दिसतात. दुकानवाला म्हणतो वॅक्स लावा, जातील. खरंच जातात का?

नाशिककर: वॅक्सने जात नाहीत रे, झाकले जातात फक्त, चार वेळा धुतली की परत हजर. ओरखडे क्लिअर कोटमध्ये, म्हणजे रंगावरच्या पारदर्शक थरात असतात आणि तो साधारण ४०-५० मायक्रॉनच असतो म्हणून थेट जाड रबिंग कंपाउंड (पॉलिशपेक्षा जास्त घासणारी पेस्ट) मारू नकोस. गाडी धू, क्ले बार (रंगाला चिकटलेली घाण ओढून काढणारा मऊ गोळा) फिरव, मग बॉनेटवर फूटभर जागेत मऊ फोम पॅड आणि बारीक पॉलिश मारून बघ, मोबाईलचा टॉर्च तिरका धर. गेले तर सगळ्या गाडीला तेच. नाही गेले तरच कंपाउंड, आणि त्यावर परत पॉलिश, नाहीतर काळ्या रंगावर धुरकटपणा राहतो.

काळीगाडी_पुणे: हाताने जमेल का?

डिटेलिंगवेडा: छोटा पॅच जमेल, पूर्ण गाडी नाही. ड्युअल अ‍ॅक्शन मशीन घे (पॅड गोल फिरतं आणि सोबत हलतंही), रोटरी म्हणजे नुसतं एका जागी गोल फिरणारं नको, नवख्याच्या हातून कडेला रंग जळतो. सावलीत कर, पत्रा गार पाहिजे. नंतर पाणी घातलेल्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून बघ, पॉलिशमधलं तेल निघालं की खरं काय ते दिसतं, मगच वॅक्स किंवा सीलंट (वॅक्ससारखाच संरक्षक थर). आणि रोज सकाळी कोरड्या फडक्याने धूळ पुसून घेतोस का? घेत असशील तर ते आधी बंद कर, ओरखडे तिथूनच येतात.