हॉस्टेलचं नेट बंद केलंय, मंगळवारी सबमिशन आहे. खुलाशात काय लिहू?

जिन्यातला_मुलगा: काल रात्री लॉगिन ब्लॉक झालं. कॉम्प्युटर सेंटरचा मेल आलाय: कॉपीराइटची तक्रार आहे, दोन दिवसांत लेखी खुलासा द्या. मी काही विकलेलं नाही, फक्त डाउनलोड केलं. खोलीत रेंज नाही, जिन्यात उभा राहून लिहितोय. लवकर सांगा.

माहीमकर: काय डाउनलोड केलंस? टॉरेंट की थेट लिंक? मेलमध्ये फाइलचं नाव आणि वेळ दिलीय का?

गच्चीवरून: व्हीपीएन घे, त्याने तू कोण ते बाहेर दिसत नाही. मी दोन वर्षं वापरतोय, एकदाही मेल आला नाही.

माहीमकर: अहो, त्याचं लॉगिनच बंद आहे, व्हीपीएन चालवणार कशावर? शिवाय बऱ्याच कॉलेजांत त्यालाही बंदी असते. खुलासा द्यायचाय त्या पोराला हे सांगू नका.

जिन्यातला_मुलगा: टॉरेंट. पण सगळं हॉस्टेल एकाच आयपीवरून (नेटवरच्या पत्त्यावरून) बाहेर जातं ना? मग माझंच नाव कसं सापडलं?

सर्व्हररूम: मी कॉलेजचं नेटवर्क सांभाळायचो, म्हणून सांगतो. टॉरेंटमध्ये तुमचा आयपी त्या फाइलवरच्या सगळ्यांना दिसतो, त्यात तक्रार करणारेही असतात. आयपी ज्या संस्थेच्या नावावर, तिच्याकडे तक्रार येते. बाहेरून एकच आयपी दिसला तरी कुठल्या मिनिटाला त्या आयपीचं कुठलं पोर्ट (दार) कुठल्या लॉगिनने वापरलं, याचा लॉग आत असतो. 'मी नव्हतो' लिहायच्या आधी विचार कर. आणि 'फक्त डाउनलोड' असं टॉरेंटमध्ये नसतं. उतरलेले तुकडे तुझं मशीन इतरांना वाटत असतं. क्लायंट, म्हणजे तुझं टॉरेंटचं सॉफ्टवेअर उघड, अपलोडचा आकडा बघ.

कलम_बावन्न: घाबरू नकोस. कॉपीराइट कायदा 1957, कलम 52: स्वतःच्या अभ्यासासाठी वाजवी वापर चालतो. दिल्ली हायकोर्टाने 2016 मध्ये झेरॉक्सच्या खटल्यात विद्यार्थ्यांच्या बाजूने निकाल दिलाय. पुस्तकं महाग आहेत, पोरांनी करायचं काय?

सर्व्हररूम: तो निकाल वर्गात लागणाऱ्या कोर्स पॅकचा, म्हणजे पुस्तकांतल्या निवडक पानांच्या झेरॉक्स संचाचा. अनोळखी लोकांना फाइल वाटायला तो लागू नाही.

जुना_हॉस्टेलवाला: आमच्या वेळी डीसी++ चं हब होतं, म्हणजे आपापसांत फाइली वाटायची सोय, सगळं लॅनवर आतल्या आत. बाहेरून कुणाची तक्रार यायचा प्रश्नच नव्हता.

माहीमकर: तक्रार आली नाही म्हणून ते कायदेशीर होत नाही, दादा.

लॅमिंग्टन_रोड: फोरजी डोंगल घे, आमच्या गल्लीत स्वस्त मिळेल. खिडकीत ठेवलंस तर रेंज पकडेल.

जिन्यातला_मुलगा: क्लायंट बघितला. डाउनलोड 6 जीबी, अपलोड 41 जीबी. तीन आठवडे लॅपटॉप चालू की ते मागे चालूच होतं. आणि पुस्तक नाही, सिम्युलेशनचं सॉफ्टवेअर आहे, क्रॅकसकट (परवाना नसताना चालवायचा जुगाड). प्रोजेक्ट त्यातच केलाय.

सर्व्हररूम: हे पहिल्याच पोस्टमध्ये लिहायचंस रे!

कलम_बावन्न: मग माझं वरचं म्हणणं मागे. अभ्यासासाठीच्या त्या सवलतीतून कॉम्प्युटर प्रोग्राम स्पष्ट वगळलेत. जाणूनबुजून उल्लंघन केल्याबद्दल कलम 63 मध्ये सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि 50 हजार ते 2 लाख दंड आहे. धंद्यासाठी केलेलं नसेल तर कोर्ट कारण नोंदवून कमी करू शकतं. तुझं सध्या कॉलेजच्या पातळीवर आहे, तिथेच मिटवायचा प्रयत्न कर.

सर्व्हररूम: आधी क्लायंट आणि क्रॅक दोन्ही काढ. खुलाशात काय उतरवलं, कधी, अपलोड चालू असल्याचं माहीत नव्हतं, आता काढलंय, एवढं सरळ लिही. रूममेटवर ढकलू नकोस. उद्या सकाळी गाइडना स्वतः भेट, मेल पाठवून बसू नकोस. लॅबमध्ये परवान्याची प्रत असते, तिथे प्रोजेक्ट पुन्हा चालव.

माहीमकर: लॅबमध्ये जागा नसेल तर सायलॅब बघ, गणित आणि सिम्युलेशनचं मोफत सॉफ्टवेअर आहे. आयआयटी मुंबईच्या फॉसी या मुक्त सॉफ्टवेअरच्या प्रकल्पाने त्यावर बरंच साहित्य मोफत ठेवलंय.

जिन्यातला_मुलगा: खुलासा लिहिला, रूममेटचं नाव काढलं. पण सायलॅब उतरवायलाही नेट लागेल.

माहीमकर: मुक्त परवान्याचं आहे, पेन ड्राइव्हवर दिलं तरी चालतं. उद्या सकाळी साडेआठला दादरला उतरतो, मध्य रेल्वेच्या बाजूला. येतोस?