मशीन बंद, चाकाला कुलूप: ५०० रुपये सोडून द्यायचे का?

शनिवार

बी-३०२, रात्री ८.४०
सोसायटीतल्या सर्वांना नमस्कार. जरा लांब लिहितेय, पण पूर्ण वाचा.
आज सकाळी सासूबाईंना डोळ्यांच्या डॉक्टरांकडं नेलं होतं. शनिवार, आपल्या बेळगावात बाजाराचा दिवस. गणपत गल्ली, खडे बाजार, कुठंच गाडीला थारा नाही. शेवटी एका पे-पार्किंगमध्ये लावली (ठिकाणाचं नाव ग्रुपवर नको, तक्रारीत लिहीनच). गेटवरच्या पोरानं हात करून आत घेतलं, जागाही त्यानंच दाखवली.
तिकिटाची मशीन दोन. एकीचा पडदा काळा. दुसरीवर आकडे दिसत होते, पण बटण दाबलं की आतनं घरघर यायची आणि कागद काही बाहेर येत नव्हता. नोट घातली की तीच नोट परत. बाजूला क्यूआर कोड चिकटवलेला, त्याचा एक कोपरा खरवडलेला. दोनदा पैसे पाठवले, दोन्ही वेळा फेल. मग २० रुपयांची नोट त्या पोराच्या हातात धरली. तो म्हणाला, "पावती बुक नाही मॅडम, जाताना द्या."
सव्वा तासानं परत आलो. डोळ्यांत थेंब घातलेले, सासूबाईंना उन्हात डोळे उघडवत नव्हते, माझा दंड धरून चालत होत्या. आणि पुढच्या डाव्या चाकाला पिवळा क्लॅम्प. काचेवर चिठ्ठी: विनातिकीट, दंड ५००.

बी-३०२, रात्री ८.४६
गेटवरचा पोरगा बदललेला. नवा म्हणतो, मला काय माहीत नाही, साहेबांशी बोला. साहेब फोनवर म्हणतात, आधी पैसे, मग चावी. सासूबाई पाऊण तास गाडीत पदर डोळ्यांवर धरून बसल्या होत्या. शेवटी मी ५०० भरले. पावती म्हणून साध्या कागदावर पेनानं लिहून दिलं, ना नंबर ना शिक्का.
शेजारी एमएच-०९ची गाडी होती, चंदगडहून लग्नाचं कापड घ्यायला आलेलं कुटुंब. त्यांच्याही चाकाला तेच. त्यांनी मुकाट्यानं पैसे काढून दिले आणि गेले. त्यांच्यातली म्हातारी मला म्हणाली, "बाई, आमी परत कवा येनार भांडायला?" तेव्हापासून मला चैन नाही. ५०० गेल्याचं दुःख आहेच. पण चूक त्यांच्या मशीनची आणि शिक्षा आम्हाला, हे काही केल्या गळ्याखाली उतरत नाही.

सी-२०२, रात्री ८.५१
अगं बाई! आई कशा आहेत आता?

बी-३०२, रात्री ८.५२
बऱ्या आहेत काकू. दुपारी झोपल्या. संध्याकाळी चहा घेतला.

बी-१०४, रात्री ८.५८
वहिनी, राग मानू नका, स्पष्ट बोलतो. मशीन बंद दिसली तेव्हाच गाडी काढून दुसरीकडं लावायची होती. बिनतिकिटाची गाडी ठेवलीत ही तुमची चूक, असंच ते म्हणणार. आणि ५०० साठी किती हेलपाटे घालणार? दुकान बंद ठेवून मी तर गेलो नसतो.

बी-३०२, रात्री ९.०४
दादा, राग कसला. पण दुसरीकडं म्हणजे कुठं? आईंना गुडघ्यामुळं शंभर पावलंही चालवत नाही. आणि मी गुपचूप गाडी टाकून गेले नव्हते. आत त्यांच्या माणसानं घेतलं, पैसे मी पुढं केले, नको तो म्हणाला. याउपर मी काय करायचं होतं, तेवढं सांगा.

ए-१०१, रात्री ९.१५
मी सांगतो. कोर्टात शिरस्तेदार म्हणून कागद हाताळण्यात जन्म गेला, तेवढं तरी कळतं.
मोटार वाहन कायदा १९८८, कलम १२७. चाकाला क्लॅम्प लावायला दोनच कारणं. एक, गाडी सार्वजनिक जागी १० तास किंवा जास्त सोडून दिलेली असली पाहिजे. दोन, जिथं पार्किंगला कायद्यानं मनाई आहे तिथं लावलेली असली पाहिजे. आणि दोन्ही वेळी परवानगी द्यायची ती त्या हद्दीतल्या, गणवेशातल्या पोलीस अधिकाऱ्यानं. तुमची गाडी पार्किंगसाठीच नेमलेल्या जागेत, सव्वा तास. कुठल्या अधिकाऱ्यानं परवानगी दिली, हा पहिला प्रश्न. लेखी विचारायचा.

ए-१०१, रात्री ९.२२
बी-१०४ यांच्या मुद्द्याला उत्तर करार कायद्यात आहे, १८७२चा कायदा, कलम ६७. ज्याला आपण काही द्यायचं कबूल केलंय, त्यानंच ते द्यायची वाजवी सोय केली नाही, तर त्या कारणानं जे राहून गेलं त्याचा दोष आपल्याला लागत नाही. कायद्यातच उदाहरण दिलंय: घर दुरुस्त करायचं ठरलं, आणि घरमालक कुठं दुरुस्ती करायची ते दाखवतच नाही, तर कारागीर सुटला. इथं मशीन त्यांची, क्यूआर त्यांचा, पावती बुक त्यांचं. तिन्ही बंद. वहिनी फार तर २० रुपयांच्या देणेकरी.

बी-१०४, रात्री ९.२६
हे कलम मला माहीत नव्हतं काका. मग त्या पोरानं नोट घेतली नाही याला पुरावा काय?

ए-१०१, रात्री ९.२९
हा प्रश्न बरोबर आहे. पुराव्यावरच सगळं आहे.

सी-४०१, रात्री ९.३३
ताई, फेल झालेल्या पेमेंटचे स्क्रीनशॉट फोनमध्ये आहेत ना? यूपीआयच्या हिस्ट्रीत फेल झालेलंही वेळेसकट दिसतं. ते आधी सेव्ह करा. मशीनचा फोटो काढला होता का?

बी-३०२, रात्री ९.४१
हिस्ट्रीत आहे! ११.०७ आणि ११.०९, दोन्ही फेल. मशीनचा फोटो जाताना नाही काढला, पण क्लॅम्प बघितल्यावर रागानं काढला. त्यात काळा पडदा स्पष्ट दिसतोय. आणि ५०० भरताना यूपीआयच्या रिमार्कमध्ये मी "हरकत राखून" असं लिहिलं होतं. बाबा वीजबिल चुकीचं आलं की असंच लिहून भरायचे, ते आठवलं.

ए-१०१, रात्री ९.४३
वा! वहिनी, हे फार चांगलं केलंत. आता त्यांना म्हणता यायचं नाही की तुम्ही दंड कबूल करून भरलात. पैसे कुणाच्या नावावर गेले ते बघा.

बी-३०२, रात्री ९.४६
एका माणसाच्या वैयक्तिक नावावर. कुठल्या फर्मचं नाव नाही.

ए-१०१, रात्री ९.४७
तो स्क्रीनशॉट सगळ्यांत वर लावा. नाव ग्रुपवर टाकू नका.

सी-२०२, रात्री ९.५५
माझा मुलगा इंग्लंडला आहे, त्याला आत्ताच फोनवर सांगितलं. तो म्हणतो, तिकडं इंग्लंड-वेल्समध्ये खाजगी जागेत अशी चाकं अडकवायला १ ऑक्टोबर २०१२ पासून कायद्यानं बंदी आहे. कंपन्या चिठ्ठी पाठवतात, माणूस अपील करतो, पण गाडी अडवून ठेवायची नाही. स्कॉटलंडमध्ये तर त्याच्याही वीस वर्षं आधीपासून चालत नाही म्हणे.

ए-१०१, रात्री ९.५९
चांगली माहिती काकू. पण आपल्या अर्जात ते घालायचं नाही. आपला कायदा आपल्याला पुरतो.

ए-२०३, रात्री १०.०५
नमस्कार. मी आत्ता बघितलो. अर्ज कन्नडात पाहिजे असला तर मी लिवून देतो की ओ. उद्या रविवार, मी घरातच हाय. वहिनी मराठीत लिवून पाठवा, मी तसंच्या तसं कन्नड करतो. त्या पार्किंगला मागच्या महिन्यात माझ्या भावाला पण असंच केलेत. तो गप्प बसला.

बी-३०२, रात्री १०.०८
आण्णा, मनापासून धन्यवाद. भावाची चिठ्ठी असली तर शोधून ठेवा.

ए-१०१, रात्री १०.१६
भाषेचं सांगून ठेवतो, कारण आपल्याकडं तिथंच माणूस अडखळतो आणि घरी परततो. गाऱ्हाण्याचा अर्ज मराठीतही देता येतो. राज्यघटनेच्या कलम ३५० प्रमाणं केंद्रात किंवा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कुठल्याही भाषेत तो देण्याचा हक्क आहे. माहिती अधिकाराचं (आरटीआय) वेगळं. तो अर्ज इंग्रजी, हिंदी किंवा त्या भागाच्या राजभाषेत लागतो, म्हणजे इथं कर्नाटकात कन्नड. शिवाय आपल्या राज्यात एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा. फी १० रुपये. तेव्हा तक्रार मराठी आणि कन्नड दोन्हीत द्या, आरटीआय आण्णांच्या कन्नडात. कामही लवकर होतं आणि कुणाला भाषेवरनं वाद घालायला जागा राहत नाही.

रविवार

बी-३०२, दुपारी १२.२०
पार्किंगची जागा ज्या सरकारी कार्यालयाची आहे, त्यांना द्यायच्या तक्रारीचा मसुदा टाकतेय. काका, बघा.
"शनिवारी सकाळी ११ वाजता मी आपल्या मालकीच्या जागेतील सशुल्क वाहनतळात गाडी लावली. तेथील दोन्ही तिकीट मशीन बंद होत्या. ११.०७ व ११.०९ वाजता क्यूआरवरून पैसे भरण्याचा प्रयत्न केला, तो अयशस्वी झाला (पुरावा जोडला आहे). कर्मचाऱ्याने पावती पुस्तक नसल्याने रोख रक्कम घेतली नाही. तरीही माझ्या गाडीस क्लॅम्प लावून ५०० रुपये घेण्यात आले. ते मी हरकत राखून भरले आहेत. कृपया कळवावे: क्लॅम्प लावण्यास कोणत्या पोलीस अधिकाऱ्याने परवानगी दिली? दंडाचा दर कोणत्या आदेशाने ठरला? वाहनतळाचे देय शुल्क २० रुपये वजा करून उरलेले ४८० रुपये परत करावेत व मशीन दुरुस्त होईपर्यंत छापील, अनुक्रमांकाची पावती देण्याची व्यवस्था करावी."

ए-१०१, दुपारी १२.३८
उत्तम. "ज्येष्ठ रुग्णास पाऊण तास उन्हात थांबावे लागले" ही ओळ घाला. खरी आहे, मग लाजायचं काय कारण?

बी-१०४, दुपारी १२.४४
वहिनी, पूर्ण ५०० मागा की. ४८० कशाला?

बी-३०२, दुपारी १२.५०
जागा वापरली ना दादा. २० माझ्याकडनं देणं लागतंय, ते तेव्हाही देत होते. तेवढे ठेवून घेतले तर माझं मागणं सरळ दिसेल.

ए-१०१, दुपारी १२.५३
पटलं. आरटीआयमध्ये फक्त पार्किंगच्या ठेक्याचा विषय घ्या: कराराची प्रत, मंजूर दरपत्रक, मशीन बंद असताना वसुली कशी करायची याची अट. उत्तराला मुदत ३० दिवस.
पैसे परत मिळाले नाहीत तर ग्राहक हेल्पलाइन १९१५, आणि त्यापुढं जिल्हा ग्राहक आयोग. ५ लाखांपर्यंतच्या रकमेला तिथं फी नाही, दोन वर्षांच्या आत जावं लागतं. वकील लागतोच असंही नाही.
एक सगळ्यांना सांगतो. रस्त्यावर नो-पार्किंगच्या पाटीखाली गाडी लावून हे कलम दाखवायला जाऊ नका, तिथं पोलिसांना तो अधिकार आहेच. आणि राग आला म्हणून क्लॅम्पला हातोडा लावायचा नाही, नाहीतर नुकसानीचा गुन्हा उलट तुमच्यावर. अडवलंच तर ११२ला फोन करून पोलीस बोलवायचे.

सी-४०१, दुपारी १.१०
मी आत्ता तिकडनंच आलो. दोन्ही मशीन अजून बंद. आजच्या तारखेचा व्हिडिओ काढलाय, त्यात घरघर ऐकू येते. ताई, तुम्हाला पाठवतो. पाटीवर लिहिलंय "मशीनमधून तिकीट घेणे बंधनकारक". मशीन बंद असली तर काय करायचं, ते कुठंच नाही. फोन नंबरही नाही.

ए-२०३, संध्याकाळी ६.३०
कन्नड प्रती तयार. भावाची चिठ्ठी पण सापडली, तिच्यावर पण नंबर नाही. त्याचा अर्ज वेगळा लिवलो.

सोमवार

बी-३०२, दुपारी १.१५
जागा ज्यांची त्या कार्यालयात अर्ज दिला. खिडकीवरचे आधी म्हणाले ठेवून जा, बघतो. काकांनी सांगितल्याप्रमाणं दुसरी प्रत पुढं केली आणि पोच मागितली. दहा मिनिटं थांबवलं. मग शिक्का, सही, आवक नंबर मिळाला. आण्णा सोबत होते, कन्नडात दोन शब्द बोलले, त्याचा खूप आधार झाला. वाहतूक पोलिसांनाही एक प्रत दिली. तिथल्या फौजदारांनी शांतपणे वाचली आणि म्हणाले, आमच्याकडनं अशी परवानगी गेली आहे का ते रजिस्टरला बघतो.

गुरुवार

बी-३०२, संध्याकाळी ५.०५
ठेकेदाराचा फोन आला. आधी म्हणाला, अर्ज मागं घ्या, मग पैसे देतो. मी सांगितलं, पैसे आधी, आणि अर्ज मागं घेणार नाही, कारण तो एकट्या माझ्यासाठी नाही. अर्ध्या तासानं ४८० रुपये जमा झाले. आण्णांच्या भावाचं अजून काही नाही. पोलिसांकडनं तोंडी निरोप आला, शनिवारी तिथं क्लॅम्पची परवानगी दिल्याची नोंद नाही. ते लेखी मागितलंय.

बी-१०४, संध्याकाळी ५.१२
वहिनी, मी चुकलो होतो. सलाम तुम्हाला.

ए-१०१, संध्याकाळी ५.२०
आता आण्णांच्या भावाचं सोडायचं नाही. सोमवारी मी स्वतः येतो. वहिनी, चंदगडच्या त्या लोकांचा काही पत्ता?

बी-३०२, संध्याकाळी ५.२४
नाव-पत्ता नाही काका. पण क्लॅम्पच्या फोटोत मागं त्यांची गाडी आलीय, अर्धा नंबर आणि चाकातला क्लॅम्प दिसतोय. तो फोटो तक्रारीला आधीच जोडलाय.

सेक्रेटरी, संध्याकाळी ५.४०
कोऱ्या अर्जाच्या मराठी आणि कन्नड प्रती वॉचमनच्या केबिनमध्ये निळ्या फाइलीत ठेवल्या आहेत. झेरॉक्सचा खर्च सोसायटीचा. ज्यांच्याकडं त्या पार्किंगच्या जुन्या चिठ्ठ्या असतील त्यांनी रविवारपर्यंत ए-१०१ला द्याव्यात.