एनआयसीयूतल्या सिस्टरना "हात धुतलेत का?" असं विचारायचं कसं?

मदत हवी आहे. जरा लांबलंय, सांभाळून घ्या.

आमचा मुलगा तिसाव्या आठवड्यात झाला, तो एनआयसीयूत म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात आहे. बायकोचं बीपी एकाएकी वाढलं आणि तातडीने सिझर करावं लागलं. जन्माचं वजन १३०० ग्रॅम. आज नववा दिवस. आधी फुप्फुसं उघडी राहावीत म्हणून सर्फॅक्टंट हे औषध दिलं, मग चार दिवस सीपॅप (नाकातून दाबाने हवा देणारं यंत्र) होता. आता नुसता काचेच्या पेटीत आहे, आईचं दूध नळीने चालू आहे. अधूनमधून श्वास घ्यायला विसरतो, त्यासाठी कॅफिन देतायत. वजन ११९० पर्यंत उतरलं होतं, काल १२१० भरलं. डॉक्टर समाधानी आहेत.

माझी झोप उडालीय ती वेगळ्याच कारणाने. परवा मी आत असताना शेजारच्या बाळाचा मॉनिटर वाजायला लागला. सिस्टर फोनवर होत्या. फोन खिशात टाकला, धावत जाऊन त्या बाळाचा तळपाय चोळला, ते रडलं. आणि तशाच वळून त्यांनी आमच्या पेटीच्या गोल खिडकीतून हात आत घातले. सॅनिटायझरची बाटली पेटीलाच अडकवलेली होती! मी बघत राहिलो, तोंडातून शब्द फुटला नाही.

बोललो तर राग बाळावर निघेल, असं वाटतं. रात्रभर तो त्यांच्याच हवाली असतो ना. सासूबाई म्हणतात गप्प बसा. बायकोला अजून सांगितलेलं नाही, आधीच दूध पिळताना रडते ती.

तर कसं बोलावं? दुसरं, कांगारू केअरचं (बाळाला उघड्या छातीशी धरून ठेवायचं) विचारलं तर "थोडा मोठा होऊ दे" एवढंच उत्तर मिळतं. बरोबर आहे का ते? आणि घरी सोडण्याआधी काय काय तपासून घ्यायचं?

– काचेबाहेरचा बाबा

*

दादा, मी एनआयसीयूतच सिस्टर आहे. अकरा वर्षं झाली.

अलार्म वाजल्यावर त्या आधी त्या बाळाकडे धावल्या, ते बरोबरच. पण तिथून तुमच्या बाळाकडे येताना हात स्वच्छ करायलाच हवे होते. यात गर्दी, घाई काही सबब नाही. आईकडून बाळाला मिळणारी बरीचशी प्रतिपिंडं शेवटच्या तीन महिन्यांत जातात. तुमचं बाळ त्याआधीच बाहेर आलंय, त्वचाही पातळ. आपल्याला काहीच न करणारे जंतू त्याला भारी पडतात.

बोलायचं ते हात आत जायच्या आधी. नंतर बोललात की ती तक्रार होते. "सिस्टर, मी आत्ताच हात धुतले, तुम्हीही एकदा सॅनिटायझर घेता का? मला फार भीती वाटते हो." एवढंच. भीती वाटते म्हणणाऱ्या बापावर कोणी चिडत नाही. चिडलंच तर तुमच्यावर, बाळावर नाही. निदान मी तरी तसं पाहिलेलं नाही. आणि स्वतःची अंगठी, घड्याळ काढून कोपरापर्यंत हात धुताना आम्हाला दिसू द्या. पुन्हा घडलं तर इन्चार्ज सिस्टरना बाजूला गाठा. राउंडला सगळ्यांदेखत नको.

अजून एक. सलाईनची लाइन असेल तर रोज विचारा, "आजही लागणारच आहे का?" दूध पुरेसं पचायला लागलं की ती काढता येते, आणि जंतू आत शिरायची एक वाट बंद होते.

– रात्रपाळी

*

माझ्या जुळ्या एकोणतिसाव्या आठवड्यात झाल्या, म्हणून कांगारूबद्दल सांगते. पूर्वी बाळ स्थिर व्हायची वाट बघायचे. २०२१ मध्ये भारतासह पाच देशांतल्या अभ्यासाचे निकाल आले. त्यात १ ते १.८ किलोची बाळं होती, म्हणजे तुमच्यासारखीच. स्थिर व्हायची वाट न बघता लगेच छातीशी घेतलेल्या बाळांमध्ये पहिल्या २८ दिवसांतले मृत्यू साधारण पाव हिश्श्याने कमी झाले. २०२२ पासून जागतिक आरोग्य संघटनाही जन्मानंतर शक्य तितक्या लवकर सुरू करा म्हणते, दिवसाचे ८ ते २४ तास. श्वास आपला आपण घेता येत नसेल किंवा बाळ शॉकमध्ये (रक्ताभिसरण ढासळलेलं) असेल तर गोष्ट वेगळी.

तेव्हा "कधी देणार?" असं विचारू नका. "नेमकं कशासाठी थांबलोय?" असं विचारा. खरं कारण असेल तर सांगतील, नसेल तर तेच विचारात पडतील.

तपासण्यांमध्ये डोळ्यांची विसरू नका. पडद्याची तपासणी जन्मानंतर साधारण चार आठवड्यांनी असते. बाळ त्याआधी घरी गेलं की तीच राहून जाते. डिस्चार्ज कार्डावर तारीख लिहून घ्या. कानांची तपासणी आणि डोक्याची सोनोग्राफी झाली का तेही बघा. लस जन्मतारखेप्रमाणे, पण मान धरणं, बसणं मोजायचं ते प्रसूतीच्या मूळ दिलेल्या तारखेपासून. हे नातेवाइकांना आत्ताच सांगून ठेवा, नाहीतर डोकं खातील.

– दोनदोन

*

आज बोललो. सिस्टरनी सॅनिटायझर घेतलं, पण चेहरा जरा कडक होता. दुपारभर माझ्याशी बोलल्या नाहीत. संध्याकाळी मात्र मी काही म्हणायच्या आत त्यांनीच बाटली दाबली, आणि माझ्याकडे बघून दाबली!

कांगारूसाठी थांबायचं कारण काय, तर बायकोला टाक्यांमुळे फार वेळ बसवत नाही. मी घेऊ का म्हटलं, तर डॉक्टर म्हणाले, घ्या की. उद्या सकाळी एक तास. बायकोलाही सगळं सांगितलं. आधी का नाही सांगितलं म्हणून बोलणी खाल्ली.

एक शंका, हसू नका. छातीवर केस आहेत, चालतील?

– काचेबाहेरचा बाबा

*

चालतात. आंघोळ करून या, अत्तर नको, पुढून उघडणारा शर्ट घाला. आणि बसायच्या आधी बाथरूमला जाऊन या, नंतर उठवत नाही.

– रात्रपाळी