नांदूरमध्यमेश्वरसाठी स्पॉटिंग स्कोप: अल्टिमा ८० घेऊ की रीगल ६५ ईडी?

पाणकावळा_नाशिक
नमस्कार मंडळी, नांदूरमध्यमेश्वरच्या पक्षी अभयारण्यात चार हिवाळे १० बाय ४२ च्या (दहापट मोठं दाखवणाऱ्या, ४२ मिलिमीटर काचेच्या) दुर्बिणीवर काढले, आता पुरे झालं. चापडगावच्या मनोऱ्यावरून बदकं, चित्रबलाक वगैरे मजेत दिसतात पण पलीकडच्या चिखलात जी बारकी मंडळी तुरूतुरू पळत असतात ती म्हणजे नुसते ठिपके. मागच्या खेपेला स्टिंट ह्या चिमुकल्या चिखलपक्ष्यावरून बायकोशी वाद झाला, मी म्हणतो टेमिंक्स, ती म्हणते लिटल, लिटलचे पाय काळे आणि टेमिंक्सचे पिवळट, म्हणजे पाय दिसले की निकाल, आणि नेमके तेच दिसेनात. घरी येईपर्यंत गाडीत शांतता.
तर स्पॉटिंग स्कोप, म्हणजे ट्रायपॉडवर ठेवायची एका डोळ्याची मोठी दुर्बीण, घ्यायचाय. दोन्ही सेलेस्ट्रॉनचेच बघितलेत. एक अल्टिमा ८०, म्हणजे पुढची काच ८० मिलिमीटरची, झूम २० ते ६० पट, साधी काच. दुसरा रीगल एम२ ६५ ईडी, झूम १६ ते ४८. रीगलला पैसे बरेच जास्त आणि काच उलट लहान, हे गणित काही डोक्यात शिरत नाहीये. ट्रायपॉड आहे, लग्नाचे फोटो काढणाऱ्या मित्राने दिलेला.

सायखेडा_फाटा
अल्टिमा ८०. विषय संपला. ६० कुठे आणि ४८ कुठे.

गारठा_निफाड
फाटा भाऊ, विषय एवढ्यात नाही संपत 😄 तिथे ६० लावून बघितलंय का कधी? मी बघितलंय, माझ्याकडे ८० चाच आहे साध्या काचेचा. सकाळी सात-साडेसातला ठीक, पण एकदा ऊन वर आलं की पाण्यावरची हवा अशी काही थरथरायला लागते की रोहित पक्षी जिलबीसारखे दिसतात. मग झूम कितीही फिरवा, थरथरच मोठी होते. दहानंतर मी ३० च्या पुढे जातच नाही. म्हणजे ज्या ६० साठी आपण भुलतो ते वापरायला मिळतं दिवसाचा तासभर.
आता ईडीचं, म्हणजे रंग कमी फाकवणाऱ्या खास काचेचं. साध्या काचेत वेगवेगळे रंग एका जागी नीट गोळा होत नाहीत, म्हणून पांढऱ्या पक्ष्याला कडेने जांभळी किनार येते, काठाची साडी नेसवल्यासारखी. चमचा पक्षी आभाळासमोर उभा असला की लगेच कळतं. २० वर फारसं जाणवत नाही, ४० च्या पुढे मात्र किनारही वाढते आणि चित्रही मऊ पडतं. जास्तीचे पैसे आहेत ते ह्याचे. स्टिंटच्या पायाचा रंग बघायचा असेल तर रंग खरा दिसणं महत्त्वाचं, नुसतं मोठं दिसून उपयोग नाही.
आणि अल्टिमा ८० दीड किलोच्या वर आहे, बांधावरून ट्रायपॉडसकट खांद्यावर घेऊन चालायचं हेही लक्षात घ्या.

नेमबाज_५०मीटर
मी पक्षीवाला नाही, रायफलवाला. आमच्या ५० मीटर मॅचमध्ये रायफलवर दुर्बीण चालत नाही, बारीक भोकातून बघायची पीप साइटच लागते, म्हणून सरावाला कागदी टार्गेटवर गोळी कुठे लागली ते बघायला शेजारी स्पॉटिंग स्कोप ठेवतो. आमच्या पॉइंट टू टू गोळीचं भोक साडेपाच मिलिमीटरचं, तेही काळ्या भागात, त्यामुळे काच खरी की खोटी लगेच समजतं.
प्रकाशाचा हिशोब सोपा आहे. ८० ची काच ६५ पेक्षा दीडपट प्रकाश घेते, हे खरंच. पण डोळ्यात किती येतो ते काचेला झूमने भागून बघा. येतो तो आकडा म्हणजे डोळ्यात शिरणाऱ्या प्रकाशाच्या झोताची रुंदी. ८० भागिले ६० म्हणजे १.३३ मिलिमीटर, ६५ भागिले ४८ म्हणजे १.३५, जवळपास तेवढंच. शेवटच्या टोकाला दोघंही सारखेच अंधारे. दोन्ही ४० वर ठेवले तर मात्र २ विरुद्ध १.६, तिथे ८० वाला जिंकतो, पहाटे आणि संध्याकाळी हा फरक दिसतो.

पाणकावळा_नाशिक
वा, हे आधी कोणी सांगितलंच नव्हतं. एक बावळट प्रश्न, शेजाऱ्याकडे रायफलला लावायचा ६ ते २४ चा स्कोप पडून आहे, स्वस्तात देतोय. तोच ट्रायपॉडवर बसवला तर?

नेमबाज_५०मीटर
नको. त्याला डोळा आठ-दहा सेंटिमीटर मागे ठेवावा लागतो, रायफल मागे आली की भुवई फुटू नये म्हणून तसा बनवतात. पक्ष्याच्या बरोब्बर छातीवर फुली दिसणार ते वेगळं. आणि असलं काही गळ्यात घेऊन अभयारण्यात गेलात तर वनरक्षक पक्षी सोडून तुमच्याकडेच बघत बसेल.

चष्मिष्ट_ताई
दोन गोष्टी राहिल्यात. दादा, तुमचा तो लग्नाचा ट्रायपॉड आधी बाजूला ठेवा. माझ्याकडेही असाच हलका होता, धरणाकडून वारा सुटला की ४० वर पक्षी नाचायचा आणि एकदा मधला दांडा वर केलेला असताना अख्खं प्रकरण आडवं झालं, स्कोप वाचला तो खाली भावाचं जर्किन होतं म्हणून. व्हिडिओचं फ्लुइड हेड (झटके न देता सावकाश फिरणारं डोकं) असलेला जड ट्रायपॉड घ्या, मधला दांडा खालीच ठेवा, खाली पिशवी लटकवा. माझं मत विचाराल तर अल्टिमा घ्या आणि वाचलेल्या पैशांत हा ट्रायपॉड. रीगल हलत्या ट्रायपॉडवर ठेवलात तर ईडी कोणाला दिसणार आहे?
दुसरं, ४५ अंशात वाकलेलाच घ्या, सरळ नको. बायको तुमच्यापेक्षा बुटकी असेल तर ट्रायपॉड तिच्या उंचीला लावायचा, तुम्ही वाका, दर वेळी खालीवर करायला नको. चष्मा असेल तर आयकप, म्हणजे डोळ्याकडची रबरी कड, खाली दाबून बघा, पूर्ण गोल दिसतोय का. आणि निफाडच्या थंडीत आयपीसवर (डोळ्याकडच्या काचेवर) श्वास सोडू नका, बाहेरून धुकं धरतंच.

गारठा_निफाड
ताईंचं ट्रायपॉडचं शंभर टक्के. काचेवर मात्र मी रीगलवरच आहे, ८० घेऊन चार वर्षं पस्तावतोय म्हणून सांगतोय.

पाणकावळा_नाशिक
माझा चष्मा जाड आहे, आणि हो, बायको बुटकी आहे पण हे तिला दाखवणार नाही. आता ट्रायपॉड आधी घेतो, काच नंतर. गारठा भाऊ, तुमचा ८० एकदा डोळ्याला लावायला मिळेल का? साध्या काचेवर स्टिंटचे पाय दिसले तर माझे पैसे वाचले.

गारठा_निफाड
रविवारी या, पावणेसातला मनोऱ्याखाली. उशीर केलात तर जिलबी दिसेल. वहिनींनाही आणा, निकाल दोघांसमोर लागलेला बरा.