सँटा फे: लेबर डेला जाताय तर
लेबर डेच्या (सप्टेंबरचा पहिला सोमवार) लाँग वीकेंडला न्यू मेक्सिकोतल्या सँटा फेला जायचं म्हणताय तर हॉटेल आत्ताच बुक करून टाका, त्या शुक्रवारी झोझोब्राचा, म्हणजे दुःख-चिंतांचं प्रतीक असलेला, भलामोठा पुतळा जाळतात, १९२४ पासूनची प्रथा आहे आणि गावात तोबा गर्दी असते. अल्बुकर्कीहून रेल रनर ट्रेन आहे पण बँडेलियरला (प्राचीन वस्तीचे अवशेष आहेत तिथे) जायचं तर गाडी हवीच, आणि ते खरंच चुकवू नका, कड्यात कोरलेल्या खोल्यांत शिडीने चढून जाता येतं, मुलं जाम खूश होतात. गाव जवळजवळ ७००० फुटांवर आहे, दम लागतो, म्हणून पहिल्या दिवशी प्लाझाच्या (गावातला मुख्य चौक) आसपासच फिरा. तिथल्याच पॅलेस ऑफ द गव्हर्नर्स या जुन्या सरकारी इमारतीच्या ओसरीत नेटिव्ह अमेरिकन कारागीर दागिने विकायला बसतात, घ्यायचे तर तिथेच घ्या. व्हेज असाल तर चिलीत (मिरचीचा तिखट सॉस) पोर्क आहे का ते आधी विचारा.